नियम पाठ असलेली सिस्टर नियम का सोडते?

४० खाटांच्या मेडिसिन वॉर्डातल्या रात्री दहाच्या इंजेक्शनांचा हिशोब मांडून बघा. समजा, त्यांतल्या २४ पेशंटना शिरेतून अँटिबायोटिक आहे. हाताला सॅनिटायझर चोळायचं, २० ते ३० सेकंद. नाव विचारून केसपेपरशी ताडायचं, अर्धा मिनिट. सेफ्ट्रायॅक्सोनची १ ग्रॅमची व्हायल १० मिली पाण्यात पूर्ण विरघळवायची, एक मिनिट. इंट्राकॅथची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा सुजली आहे का बघायचं, औषध २ ते ४ मिनिटं हळूहळू सोडायचं, सलाइनचा फ्लश द्यायचा, सुई डब्यात टाकायची, चार्टवर वेळ लिहून सही करायची आणि पुन्हा हात. घाई न करता हे केलं तर एका पेशंटला सहा मिनिटं सहज लागतात. २४ पेशंटांची १४४ मिनिटं झाली, म्हणजे जवळजवळ अडीच तास. तेही मधे एकही सलाइन संपलं नाही, नवा पेशंट आला नाही, फोन वाजला नाही, कुणाच्या नातेवाइकानं हाक मारली नाही, असं धरून.

अशी रात्र कधी येत नाही. म्हणून काहीतरी कापावंच लागतं, आणि जे कापलं तर त्या रात्री काही बिघडलेलं दिसत नाही, तेच आधी कापलं जातं. इंजेक्शन सुटलं तर सकाळच्या राउंडला विचारणा होते. हात चोळायचे राहिले तर कोणी विचारत नाही. संसर्ग झालाच तर तो काही दिवसांनी दिसतो आणि तोवर तो कुठून आला हे सांगणं अवघड होऊन बसतं. नाव न विचारता दिलेलं इंजेक्शन बहुतेक वेळा योग्य पेशंटलाच जातं. दोन मिनिटांचं औषध वीस सेकंदांत सोडलं तरी पेशंट सहसा फक्त "जळतंय" म्हणतो. रोज रात्री सिस्टरला हाच अनुभव येतो: पायरी सोडली, वेळ वाचला, काही झालं नाही. शेकडो रात्रींनंतर ती पायरी तिच्या लेखी कागदावरची राहते. नवी आलेली सिस्टर जुनीकडे बघून तेच शिकते, आणि मग पूर्ण वॉर्डाची तीच रीत होते.

नर्सेसचा सुरक्षिततेकडे बघण्याचा दृष्टिकोन असा घडतो. चौकशीच्या कागदांत त्याला 'निष्काळजीपणा' म्हणतात आणि उपाय म्हणून आणखी एक प्रशिक्षण लावतात. पण हात कधी धुवायचे ते पाच प्रसंग बहुतेक सिस्टरना पाठ असतात. अडचण माहितीची नसते, म्हणून प्रशिक्षणानं ती सुटत नाही. वॉर्डातला भार तसाच ठेवून दृष्टिकोन बदलण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, आणि त्यानं पेशंट सुरक्षितही होत नाही.

भार आणि आधार

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की ताण फक्त कामाच्या डोंगरानं येत नाही. काम जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मोकळीक कमी, अशा जागी तो सर्वांत जास्त असतो. पुढे २००१ मध्ये एव्हान्जेलिया डेमेरूटी, आर्नोल्ड बकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी विस्तारली. त्यांनी कामाच्या जागेचे दोन भाग केले. एका बाजूला मागण्या: पेशंटांची संख्या, घाई, रात्रपाळी, उचलठेव, नातेवाइकांचा राग, मरण बघणं. दुसऱ्या बाजूला आधार: पुरेशी माणसं, हाताशी सामान, ऐकून घेणारी इन्चार्ज (वॉर्डप्रमुख सिस्टर), स्वतः निर्णय घेण्याची मुभा, केलेल्या कामाची दखल. मागण्या वाढल्या की माणूस थकतो. आधार तुटला की त्याचं कामातून मन उठतं.

हा फरक वॉर्डात फार उपयोगी पडतो. थकलेल्या सिस्टरच्या हातून चूक होते, पण तिला त्या चुकीचं वाईट वाटतं. मन उठलेल्या सिस्टरला वाटू लागतं की इथे सांगून काही होत नाही. सुट्टी देऊन थकवा थोडा उतरतो, पण मन उठलं असेल तर सुट्टीनं काही होत नाही.

सगळ्या मागण्या सारख्याही नसतात. अवघड बाळंतपण, विषबाधेचा पेशंट, व्हेंटिलेटरवरचं मूल यांत दम लागतो, पण आपलं कसब कामी आल्याचं समाधानही मिळतं. बीपीचा कफ शोधत तीन वॉर्ड फिरणं, तीच माहिती रजिस्टरमध्ये, केसपेपरवर आणि पोर्टलवर तीनदा भरणं, इंडेंट (मागणीपत्र) टाकूनही न आलेल्या ग्लोव्ह्जसाठी स्टोअरला पुन्हा पुन्हा फोन करणं, यांत दम जातो आणि हाती काही लागत नाही. नर्सचा दृष्टिकोन आजारी पेशंटांमुळे बिघडतो असं आम्हाला वाटत नाही. तो या दुसऱ्या प्रकारच्या कामानं जास्त बिघडतो.

अनेक उद्योगांतले २०३ स्वतंत्र नमुने एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या एका विश्लेषणात मागण्यांपैकी कामातले धोके आणि आधारांपैकी पाठीशी उभं राहणारं वातावरण, या दोन गोष्टींचा सुरक्षिततेशी आणि थकून जाण्याशी सर्वांत सातत्यानं संबंध दिसला. म्हणजे इन्चार्ज आणि मेट्रन (रुग्णालयाच्या मुख्य नर्स) कशा वागतात हा स्वभावाचा किरकोळ मुद्दा नाही.

नर्सिंगमधले आकडेही बोलके आहेत. लिंडा एकेन यांच्या गटानं २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांमध्ये, एका नर्समागे एक पेशंट वाढला की भरती झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. २००४ च्या एका अमेरिकी अभ्यासात साडेबारा तास किंवा जास्त चाललेल्या पाळीत चुकीची शक्यता सुमारे तिप्पट होती. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत औषध देताना नर्सेसचं प्रत्यक्ष निरीक्षण केलं (२०१०), तेव्हा मधे येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययामागे औषधाच्या चुका सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. हे आकडे तिकडचे आहेत आणि तिथे एका नर्सकडे आपल्यापेक्षा खूपच कमी पेशंट असतात, हे वाचताना विसरू नये.

खानदेशातला भार कसा वेगळा आहे

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तरी धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून किंवा चोपडा-शिरपूरच्या पट्ट्यातून येणारा पेशंट बऱ्याचदा उशिरा, आजार वाढल्यावर आणि रात्रीचा येतो. सोबत येणारे नातेवाईक थकलेले आणि घाबरलेले असतात. त्यातून वादावादी होते. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता वॉर्डात एकट्या सिस्टरला हवा असतो तो दारातला सुरक्षारक्षक.

भाषा ही इथली रोजची मागणी आहे. वॉर्डात अहिराणी, भिली, पावरी, गुजराती एकत्र ऐकू येतात. "तुम्ही सुमनबाई ना?" असं विचारलं की ग्लानीतला, ऐकायला कमी येणारा किंवा भाषा न समजलेला पेशंट मान हलवतो. त्यामुळे ओळख पटवताना नाव आपण सांगायचं नसतं, पेशंटकडून वदवून घ्यायचं असतं: "मावशी, तुमनं नाव काय शे?" त्यातही जळगावकडे एका वॉर्डात चार पाटील आणि नंदुरबारकडे तीन पावरा, दोन पाडवी, दोन वसावे असणं नेहमीचं. आडनावावर विसंबलं की चूक ठरलेलीच. नाव आणि नोंदणी क्रमांक या दोन्ही खुणा, मनगटाच्या पट्टीवर लिहिलेल्या, हाच खात्रीचा मार्ग. रक्त देताना तर दोघांनी मिळून पिशवी, फॉर्म आणि पट्टी ताडायची आणि पहिली १५ मिनिटं पेशंटजवळ थांबायचं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त असल्यानं रक्त देण्याचे प्रसंगही वारंवार येतात. एकटीच्या पाळीत ती १५ मिनिटं आणि ताडायला दुसरं माणूस कुठून आणायचं, हा प्रश्न वरिष्ठांनी सोडवायचा आहे, सिस्टरनं नाही.

वर्षाचं चक्रही बघा. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, उष्माघाताचे पेशंट येतात, वॉर्डातले कूलर अपुरे पडतात आणि नेमकी आखाजी (अक्षय्य तृतीया) येते. माहेरच्या सणाला रजा प्रत्येकीला हवी असते, आणि ती मागण्यात गैर काही नाही. श्रावणात कानबाई (खानदेशातला देवीचा सण) बसते, तेव्हा शेतात कपाशीवर फवारणी चालू असते, सर्पदंश वाढलेले असतात, तापाच्या पेशंटांनी खाटा भरलेल्या असतात. हे दरवर्षी ठरलेलं असूनही रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक) मात्र महिन्यापुरताच बनतो. आखाजी आणि कानबाईच्या रजा दोन महिने आधी वाटून घेतल्या, एकीला हा सण तर दुसरीला तो, तर ऐन गर्दीत उरलेल्या दोघींवर सगळं पडत नाही.

फवारणीच्या विषबाधेत भार म्हणजे काय ते मोजता येतं. त्यावरचा उतारा अॅट्रोपिन. अॅट्रोपिनच्या एका अँप्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. पहिला डोस १.८ मिलिग्रॅम म्हणजे ३ अँप्यूल. छाती मोकळी होऊन नाडी आणि बीपी सुधारेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करायचा: ३, ६, १२, २४. पंधरा मिनिटांत काचेची ४५ अँप्यूल फोडायची. त्याच वेळी पेशंटचे कपडे काढून अंग साबणानं धुवायचं असतं, आणि ते ग्लोव्ह्ज घालून. एकटी सिस्टर हे करत असेल तर बोटं कापतात, मोजणी चुकते, लिहायचं राहतं. इथे दोन माणसं लागतात: एकानं फोडून भरायचं, दुसऱ्यानं द्यायचं आणि मोठ्यानं आकडा सांगत लिहायचं.

लेबर रूममध्ये झटके आलेली बाई येते तेव्हाही असंच. झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचं २ मिलीचं अँप्यूल ५० टक्क्यांचं, त्यात १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचं म्हणजे ४ अँप्यूल (८ मिली) अधिक १२ मिली पाणी, असं २० मिली, किमान पाच मिनिटं घेऊन. शिवाय दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, आणखी १० अँप्यूल. हे सगळं धावपळीतही नीट होतं, कारण झटका समोर दिसत असतो. राहून जातं ते चार तासांनंतरचं. पुढचे ५ ग्रॅम देण्याआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स (हॅमरनं ठोकल्यावर पाय उडतो का) तपासायचा, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का मोजायचा, चार तासांत लघवी १०० मिलीच्या वर आहे का बघायची. यांतलं एकही कमी असेल तर डोस थांबवायचा, श्वास बसू लागला तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली सावकाश द्यायचं. चार तासांनी बाई शांत असते आणि सिस्टर दुसऱ्या बाळंतपणात असते, म्हणून तपासणी हुकते. त्यावर साधा उपाय आहे. १४ अँप्यूल, २० मिलीची सिरिंज, रिफ्लेक्स हॅमर, कॅल्शियम ग्लुकोनेट आणि तीन तपासण्यांचा छापील तक्ता असा एकच डबा लेबर रूममध्ये भरून ठेवायचा. डोसची वेळ पुढच्या पाळीच्या ओव्हरमध्ये (पाळी बदलताना कामं सोपवताना) मोठ्यानं सांगायची.

सुया, इन्सुलिन आणि वाचवलेली पावलं

वापरलेल्या सुईला टोपण लावू नये हे सर्वांना ठाऊक आहे. तरी लावलं जातं, कारण पांढरा डबा वॉर्डाच्या टोकाला असतो आणि उघडी सुई घेऊन २० पावलं चालण्यापेक्षा टोपण लावणं सिस्टरला जास्त सुरक्षित वाटतं. त्या परिस्थितीत तिचा विचार चुकीचाही नाही. डबा ट्रॉलीवर बसवला की टोपण लावायचं कारणच उरत नाही. तो तीन चतुर्थांश भरला की बदलायचा. कोंबून भरलेल्या डब्याची सुई बोटात घुसते.

सुई टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच कळवायचं. संसर्ग असलेल्या पेशंटची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के आहे. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीचा ६ ते ३० टक्के आहे, म्हणून ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस प्रत्येकीचे पूर्ण हवेत. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत सुरू करायची, ७२ तासांनंतर तिचा उपयोग होत नाही. कोर्स २८ दिवसांचा. रात्री एकटी असलेली सिस्टर वॉर्ड सोडून कॅज्युअल्टीत जात नाही, सकाळी घरी गेल्यावर विषय मागे पडतो. त्यासाठी पहिला डोस वॉर्डात आणून देण्याची आणि तेवढा वेळ दुसरं कोणी उभं करण्याची व्यवस्था लेखी हवी.

इन्सुलिनमध्ये भार आणि सामान मिळून चूक घडते. आपल्याकडे व्हायल बहुधा ४० युनिट प्रति मिली असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या सिरिंजचं टोपण नारिंगी. घाईत ४० च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला फक्त ८ युनिट जातात. उलट, १०० च्या कुपीतून लाल सिरिंजनं २० पर्यंत भरलं तर ५० युनिट जातात, आणि शुगर जीवघेणी उतरू शकते. "नीट बघून भरा" या सूचनेनं हे थांबत नाही. वॉर्डात एकाच ताकदीचं इन्सुलिन आणि एकाच प्रकारची सिरिंज ठेवली की थांबतं. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल पाण्याच्या अँप्यूलशेजारी ठेवूच नयेत, आणि शक्य तिथे सर्वसाधारण वॉर्डाच्या साठ्यातून काढूनच टाकावीत. ते औषध थेट शिरेत सोडलं तर हृदय बंद पडतं. टेबलावर आधीच भरून ठेवलेल्या, नाव न लिहिलेल्या सिरिंजांचा ट्रे हा वेळ वाचवायचा सर्वांत धोक्याचा मार्ग. पँटॉप्राझोल, ऑन्डॅन्सेट्रॉन, पाणी, सिरिंजमध्ये सगळं सारखंच दिसतं.

गप्प वॉर्ड सुरक्षित नसतो

संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना आढळलं की चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. तिथे लोक सांगायला घाबरत नव्हते. आपल्याकडे शून्य चुका नोंदवणाऱ्या वॉर्डाचं कौतुक होतं. ज्या वॉर्डातून महिनाभर एकही 'थोडक्यात टळलं' अशी नोंद आली नाही, तिथे आधी जाऊन बसावं, असं आमचं मत आहे. चूक सांगितल्यावर पहिला कागद कारणे दाखवा नोटीसचा मिळाला, तर दुसऱ्यांदा कुणी सांगत नाही. नोंदीचा फॉर्म एका पानाचा, नाव नसलेला असावा, आणि आठवड्याच्या आत त्यावर काय केलं हे वॉर्डातल्या फळ्यावर लिहावं. तेवढं उत्तर मिळालं तरी पुढच्या नोंदी येतात.

दृष्टिकोन मोजायचा असेल तर २००६ मध्ये ब्रायन सेक्स्टन आणि सहकाऱ्यांनी तपासून मांडलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिचे सहा भाग आहेत: एकत्र काम, सुरक्षिततेचं वातावरण, समाधान, ताणाची जाणीव, व्यवस्थापनाबद्दलचं मत आणि कामाची परिस्थिती. पाच पर्यायांची उत्तरं ०, २५, ५०, ७५, १०० अशा गुणांत बदलतात आणि सरासरी ७५ किंवा वर असेल तर ती अनुकूल धरतात. यातला ताणाच्या जाणिवेचा भाग लक्ष देऊन वाचावा. "काम फार वाढलं की माझं काम बिघडतं" या वाक्याला जी नकार देते, ती कणखर वाटते. पण थकल्यावर दुसऱ्याकडून तपासून घ्यायची गरज तिलाच वाटत नाही. त्याच कागदावर त्या पाळीत किती पेशंट होते आणि किती वेळा काम तुटलं हेही विचारावं. भार न विचारता नुसता दृष्टिकोन मोजला तर दोष पुन्हा सिस्टरच्या माथी बसतो.

भार उतरवायचा कुठून

पहिली गोष्ट, पदांचं गणित खरं मांडणं. तीन पाळ्या, सात दिवस म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या. एक सिस्टर सहा करते. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात, आणि नाईट ऑफ, आजारपण, रजा, प्रशिक्षण धरलं की पाचाच्या जवळ. दहा नावांचा रोटा भरगच्च दिसला तरी कोणत्याही क्षणी वॉर्डात दोनच असतात.

पदं वाढायला वेळ लागतो. मधल्या काळात इंजेक्शनांची संख्या कमी करता येते, आणि याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. ताप उतरलेला, खाऊ-पिऊ शकणारा पेशंट शिरेतल्या औषधावरून गोळीवर आणता येतो का, हे डॉक्टरांनी रोजच्या राउंडला प्रत्येक बेडवर ठरवायचं. २४ पैकी ८ पेशंट गोळीवर आले तर रात्रीची ४८ मिनिटं सुटतात, आणि तेवढ्या इंट्राकॅथही निघतात. दिवसातून दोनदा द्यायच्या औषधांच्या वेळा अर्ध्या बेडना ८ आणि अर्ध्यांना १० केल्या तर गर्दी विभागते.

व्यत्ययांसाठी इंजेक्शन राउंडच्या वेळेत फोन मामा (वॉर्डबॉय) किंवा विद्यार्थिनीकडे द्यावा, नातेवाइकांना भेटायची ठरलेली वेळ राउंडनंतर लगेच ठेवावी आणि ती पाळावी. ती पाळली नाही तर पुढच्या दिवशी लोक राउंडमध्येच थांबवतात. ओव्हर टेबलावर न देता बेडपाशी द्यावा. आधी गंभीर पेशंट, मग चालू इन्फ्युजन, मग राहिलेलं काम. "माझ्याकडून हे राहिलंय" असं म्हणायला जिथे संकोच वाटत नाही, तिथे पुढची पाळी ते पूर्ण करते.

सुरुवात एका वॉर्डापासून करावी. सात दिवस प्रत्येक पाळीत तीनच गोष्टी काड्यांनी मोजाव्यात: इंजेक्शन देताना काम किती वेळा तुटलं, सामान शोधायला किती वेळा वॉर्ड सोडावा लागला, आणि कोणती पायरी सोडावी लागली. नाव लिहायचं नाही. आठव्या दिवशी इन्चार्ज, मेट्रन आणि वॉर्डाचे डॉक्टर यांनी तो कागद समोर ठेवून सर्वांत जास्त काड्या असलेलं एक कारण निवडावं, आणि ते त्याच महिन्यात दूर करावं. मग पुढचे सात दिवस पुन्हा मोजावं.